सुंदररावांचा आंतरराष्ट्रीय परवाना

सगळा घोळ कपाशीच्या बियाण्यानं केला. बियाणं चांगलं होतं, उगवलंही चांगलं. पण वडवणीच्या सुंदरराव बादाड्यांच्या कृषी सेवा केंद्रातून ते इतकं खपलं, की कंपनीनं खूश होऊन त्यांना सपत्नीक व्हिएतनामची सहल जाहीर केली. खत-बियाण्याच्या धंद्यात ही रीतच आहे. शेतकरी पेरतो वडवणीत आणि दुकानदार उगवतो बँकॉकला. यंदा बँकॉकऐवजी व्हिएतनाम निघालं आणि पहिल्यांदाच बायकांनाही तिकीट निघालं, त्यामुळे निम्म्या दुकानदारांचा उत्साह जागीच मावळला. सुंदररावांचा मात्र मावळला नाही, कारण मावळायच्या आधीच ते बायकोला एक शब्द देऊन बसले होते.

वनमालाबाईंनी लग्नानंतर नवऱ्याकडे काही मागितलंच नव्हतं असं नाही. मिक्सर मागितला होता, गच्चीवर पत्रे मागितले होते. पण ते सगळं घरासाठी. स्वतःसाठी म्हणून त्या पहिल्यांदाच काही बोलल्या. पुण्यात नोकरीला असलेल्या राजनंदिनीनं, म्हणजे लेकीनं, एक व्हिडिओ पाठवला होता. डोंगराच्या अंगानं वळणं घेत जाणारा रस्ता, खाली निळाशार समुद्र आणि मोटारसायकलवर एक जोडपं. तो मोबाईल हातात धरून वनमालाबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अवो, आपल्याला असं जाता यील का? गाडीवर?"

"यील म्हंजे? नेतोच!" सुंदरराव म्हणाले. हे त्यांनी घरात म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण तो बाजाराचा दिवस होता, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि आवाज सुंदररावांचा होता. दुपारपर्यंत बाजारात, संध्याकाळपर्यंत तालुक्यात झालं, की शेठ बायकोला फॉरेनमधी गाडीवर फिरवणार.

कंपनीच्या साहेबानं फोनवर सहलीचे नियम सांगितले, तेव्हा त्यात एक नियम असा निघाला की तिथं कुणाला गाडी चालवायची असेल तर आपलं लायसन्स पाहिजे आणि वर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही पाहिजे. नाहीतर अपघात झाला तर विमा हात वर करील. सुंदरराव हसले. आपल्या भागात पोलिसानं गाडी अडवली तर माणूस लायसन्स काढत नाही, फोन काढतो. कुणातरी भाऊंना, दादांना नाहीतर आण्णांना लावतो आणि 'घ्या, बोला' म्हणून फोन पोलिसाच्या हातात देतो. मोबाईल आले नव्हते तेव्हा नुसतं नाव सांगून भागत होतं. सुंदररावांची उभी हयात या एका वाहतूक नियमावर सुरळीत पार पडली होती.

"अन् तिथं कुणाला लावताव?" वनमालाबाईंनी विचारलं. "तिथल्या पोलिसाला आण्णा म्हंजे कोण ते ठाव हाय व्हय? मला परक्या मुलखात चौकीत बसायचं न्हाई. कायदेशीर नेत असाल तर गाडीवर बसते. न्हाई तर आपली बस बरी."

आता प्रश्न इज्जतीचा झाला. लायसन्स शोधायला सुरुवात झाली. ते होतं यात शंका नव्हती. तरुणपणी काढलेलं, पन्नाशीला नूतनीकरण केलेलं आणि दोन्ही वेळा न वाचता ठेवून दिलेलं. अखेर ते सोन्याच्या दागिन्यांबरोबर डब्यात सापडलं. ते घेऊन सुंदरराव शेजारच्या शहादेव सरांकडे गेले. सर निवृत्त मुख्याध्यापक. एकदा नेपाळला जाऊन आल्यामुळे परदेश हा विषय तालुक्यानं त्यांच्याकडे सोपवला होता.

सरांनी कार्ड उजेडात धरलं, चष्मा वर केला, खाली केला.

"सुंदरराव, यावर फक्त ट्रॅक्टर आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला ट्रॅक्टर चालवण्याची परवानगी आहे. मोटारसायकलची नाही. कधीच नव्हती."

सुंदरराव ओट्यावर बसले. त्यांना आठवलं. वडिलांनी ट्रॅक्टर घेतला त्या साली घाईघाईनं हे काढलं होतं. लायसन्स म्हणजे लायसन्स, त्यात जाती-पोटजाती असतील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. म्हणजे वडवणीतल्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक लग्नाला, प्रत्येक मयतीला ते गाडीवर जे गेले होते ते सगळं बेकायदा होतं. सरांकडे त्याच वेळी चहाला आलेला खाजामियाँ मेकॅनिक मात्र गंभीरपणे म्हणाला, "शेठ, फिकर कशाला करताव? भाबीला व्हिएतनामात ट्रॅक्टरवर फिरवा. ट्रॉली जोडली तर समदी सहल बसंल."

सुंदरराव चहा न पिता उठले. मुकाट्यानं मोटारसायकलचं शिकाऊ लायसन्स काढायचं ठरलं.

शिकाऊ परीक्षा आता घरी बसून कॉम्प्युटरवर देता येते. राजनंदिनीनं पुण्यातून अर्ज भरून दिला, वनमालाबाईंनी स्वयंपाकघरात वाहतुकीच्या खुणांची उजळणी घेतली. हातात लाटणं असल्यामुळे उजळणी चांगली झाली. अडचण उत्तरांची नव्हतीच, अडचण शेजाऱ्यांची होती. शेठची परीक्षा म्हटल्यावर कुणी घरी बसणार? शहादेव सर 'फक्त देखरेखीसाठी' खुर्ची टाकून बसले. खाजामियाँ खिडकीत उभा राहिला. समोरच्या चहाच्या हॉटेलातला हनुमान चहाचा ट्रे घेऊन आला आणि परत जायचं विसरला.

अरुंद पुलावर समोरून वाहन येत असेल तर काय कराल, असा प्रश्न पडद्यावर आला.

"हॉर्न दाबायचा अन् घालायची," हनुमान म्हणाला.

"वाट द्यावी, असं उत्तर आहे," सर म्हणाले.

"वाट दिली तर मागचे येतात ना घुसून, सर. पुढच्या बाजारापतुर हुबं ऱ्हावं लागंल."

वाद रंगला, डोकी पुढं सरकली आणि कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याला सुंदररावांच्या आजूबाजूला आणखी तीन चेहरे दिसले. एकापेक्षा जास्त माणसं आढळल्यामुळे परीक्षा रद्द, अशी पाटी आली. सुंदररावांनी आयुष्यात कॉपी केली नव्हती. दहावीला केंद्रावर सगळं गाव कॉपी पुरवत असताना ते स्वतःच्या अकलेवर नापास झाले होते. त्याच माणसाला या वयात कॉपीत धरलं गेलं. दुसऱ्या खेपेला वनमालाबाईंनी दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि ओट्यावर स्वतः बसल्या. तेव्हा कुठं सुंदरराव पास झाले.

मग नियमाप्रमाणे गाडीवर लाल रंगाचं 'एल' आलं. सुंदररावांच्या गाडीवर पुढंही दुकानाचं नाव, मागंही दुकानाचं नाव आणि आता दोन्हीकडे त्या नावाच्या डोक्यावर 'एल'. ज्या माणसाकडे तालुका कपाशीच्या अळीपासून पोराच्या लग्नापर्यंत सल्ला विचारायला येतो, त्याला कुणीही पोरसवदा माणूस थांबवून म्हणू लागला, "शेठ, गाडी शिकायलाव व्हय? क्लच हळू सोडा बरं." पलीकडच्या गल्लीतला विजयसिंह, म्हणजे दुसऱ्या कृषी केंद्राचा मालक आणि त्याच सहलीचा प्रवासी, तर रोज मुद्दाम समोरून यायचा, गाडी रस्त्याच्या पार खाली उतरवायचा आणि हात जोडून म्हणायचा, "जाऊ द्या रे, शिकाऊ माणूस हाय." सुंदरराव त्या महिन्यात दोनदा जेवण टाकून उठले.

पक्क्या परीक्षेला आरटीओच्या मैदानावर परीक्षक म्हणून संस्कृती मॅडम होत्या. वयानं राजनंदिनीएवढ्या, हातात पॅड. जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढलेला. पाय न टेकवता त्यावरून गाडी फिरवायची. सुंदररावांनी जुन्या सवयीनं आधी आण्णांना फोन लावला आणि 'घ्या, बोला' म्हणून मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो शांतपणे घेतला, "हो सर, हो सर" म्हटलं आणि परत दिला.

"आण्णा म्हणाले, तुमच्यासारखी गाडी तालुक्यात कुणी चालवत नाही."

"मंग?" सुंदररावांची छाती फुगली.

"मग चालवा की."

पहिल्याच वळणाला पाय टेकला. दुसऱ्या वळणाला दोन्ही टेकले. तिसरं वळण मॅडमनी घेऊ दिलं नाही.

हा अपमान सुंदररावांना समजेना. रस्त्यावर भले भले खड्डे चुकवणाऱ्या माणसाला सपाट मैदान का आवरेना? उलगडा केला खाजामियाँनं. त्यानं सुंदररावांना कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या आवारात नेलं, चुन्याच्या फक्कीनं आठ काढला, एक फेरी मारायला लावली आणि कपाळाला हात लावला. "शेठ, तुमी जनमभर गाडीवर मागं खताचं पोतं टाकून हिंडलाव. तुमचा तोल पोत्यासंगं बसलाय. रिकामी गाडी तुमाला ठावच न्हाई!"

खरं होतं. दुकान सुरू झाल्यापासून सुंदररावांची गाडी कधी रिकामी गेलीच नव्हती. पोतं नसलं तर फवारणीचा पंप, पंप नसला तर सासुरवाडीचा माणूस. परीक्षेला पोतं नेता येईल का, असं त्यांनी आरटीओत फोन करून विचारलंही. पलीकडच्या माणसानं फोन ठेवला.

शेवटी वनमालाबाईंनी लेकरं वाढवल्याचा अनुभव कामी लावला. अंगावरचं दूध तोडावं तसं त्यांनी पोतं तोडलं. आधी भरलेलं पोतं बांधून आठ, मग अर्धं, मग पिशवीभर ज्वारी, मग डब्यात शेरभर डाळ. जिनिंगच्या भिंतीवर बघ्यांची रांग बसायची. हनुमानानं तिथंच चहा विकायला सुरुवात केली. डाळीवरून रिकाम्या गाडीवर यायचं त्या दिवशी सुंदरराव अंघोळ करून, देवाला नमस्कार करून आले आणि आठ पुरा करून थांबले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात संस्कृती मॅडमनी त्यांना पास केलं. त्या वेळी सुंदररावांनी फोन खिशातून काढला नाही.

पुढचं सोपं होतं. पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरचा दाखला, फोटो, चलन आणि सगळ्याला लागणाऱ्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. अखेर पासबुकासारखी छोटी वही हातात आली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना! आत सुंदररावांचा फोटो, घाबरलेला पण कायदेशीर. हनुमानाच्या हॉटेलात सत्कार झाला. शहादेव सरांनी नेपाळवर भाषण केलं. वनमालाबाई कधी नव्हे त्या हॉटेलात आल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याकडे बघून हसल्या. सुंदररावांना शाल-नारळापेक्षा ते हसणं मोठं वाटलं. आजवर आपण हिला काही दिलं नाही, निदान हे तरी देतोय, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच संध्याकाळी राजनंदिनीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"बाबा, रागवू नका. मी आत्ता वाचलं. आपला परवाना व्हिएतनाममध्ये चालत नाही."

"कावून?"

"परवान्याचे दोन वेगवेगळे करार आहेत. आपल्या देशाची सही एकोणीसशे एकोणपन्नासच्या करारावर आहे आणि ते लोक फक्त अडुसष्टचा करार मानतात."

"अगं, अडुसष्टला मी जन्मलोबी नव्हतो! माजा काय संबंध?"

खाजामियाँला कळलं तेव्हा तोही पहिल्यांदा चिडला. "निजामाच्या वक्ताचा फाटका कागद तहशिलीत चालतो अन् ह्यो कोरा करकरीत चालंना? काय जमाना हाय!" विजयसिंहाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "शेठ, लायसन्स-बियसन्स काय नसतं तिथं. मी तर नुसताच चालवणार हाय." सुंदररावांना त्या रात्री झोप लागली नाही. वनमालाबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बसमधनं बघू."

आणि बसमधूनच बघितलं. तोच रस्ता, तीच वळणं, तोच निळा समुद्र. बसमध्ये मराठवाड्यातले झाडून सगळे दुकानदार होते आणि घाट चढेपर्यंत युरियाचा पुरवठा, उतरेपर्यंत बोंडअळी असा विषय चालू होता. सुंदरराव मध्ये बसून दोन्ही बाजूंना सल्ला देत होते. पलीकडे काचेला नाक लावून बसलेली बायको त्यांना दिसत होती, पण एका सीटवरून जालन्याचा आणि दुसरीवरून परळीचा दुकानदार वाकल्यामुळे तिच्यापर्यंत काही पोचता येईना. विजयसिंहानं खरंच भाड्याची गाडी काढली. पहिल्याच चौकात त्याला धरलं. त्यानं आण्णांना फोन लावून पोलिसाच्या हातात दिला. पोलिसानं तो कानाला लावला, आण्णांचं सगळं बोलणं अदबीनं ऐकून घेतलं, मान डोलावली, फोन परत केला आणि गाडी जप्त केली. या बातमीनं सुंदररावांना एरवी आठवडाभर पुरेल एवढा आनंद झाला असता. झाला नाही.

परत आल्यावर त्यांना दुकानात करमेना, घरात बसवेना. उठत, बसत, बिलावर भलतंच नाव लिहीत. शेवटी एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून ते म्हणाले, "वनमाला, शब्द दिलता. ऱ्हायला. मला लई वाईट वाटतंय."

वनमालाबाई भाजी निवडत होत्या. "समुद्राचं काय घिऊन बसलाव? खारट पाणी ते."

"मंग तू कशापायी म्हणलीव्हतीस?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "खरं सांगू? मला एकदा तरी तुमच्या मागं बसून न थांबता जायचं व्हतं. लगीन झाल्यापास्नं आपुन गाडीवर निगालो अन् कुणी हात दाखवून थांबवलं न्हाई, असं कवा झालंय? 'शेठ, युरिया आला का? शेठ, पानं पिवळी पडलीत.' माज्या भावाच्या लग्नाला गेलतो. रस्त्यात तुमी अळीचं औषध सांगत हुबं ऱ्हायलाव अन् माज्या अक्षता हुकल्या. म्हणलं, परक्या मुलखात कोण वळखतंय? तिथं तरी माजा माणूस माजा ऱ्हाईल."

त्या अक्षता हुकल्या होत्या हे सुंदररावांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. औषध कोणतं सांगितलं ते मात्र अजून आठवत होतं आणि त्याची त्यांना शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर गेले आणि खाजामियाँची गाडी घेऊन परत आले, कारण त्यांची स्वतःची गाडी म्हणजे चालती-बोलती पाटी होती. हँडलला दोन हेल्मेट अडकवलेली. सगळं तोंड झाकणारी, काळ्या काचेची.

"ही कशाला?" वनमालाबाईंनी विचारलं. वडवणीत हेल्मेट घालून कुणी फिरत नाही. घातलंच तर लोक आजारी आहे का विचारतात.

"घाल. अन् बस."

बाजारपेठेतून गाडी निघाली. हनुमानाच्या हॉटेलासमोर नेहमीची मंडळी बसली होती. एकानंही हात वर केला नाही. शहादेव सरांनी पेपरातून डोकं काढून बघितलं आणि पुन्हा पेपरात घातलं. स्वतःच्या दुकानासमोरून गेले. कुलपाजवळ दोघं-तिघं शेठची वाट बघत उभे होते आणि त्यांनी शेठला बाजूला होऊन वाट दिली. सुंदररावांना आधी चांगलंच लागलं. इतक्या वर्षांची ओळख, ती एका काचेएवढीच? पण बस स्टँड मागं पडलं, बीडचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं सुरू झाली आणि गाडी कुठंही न थांबता चालत राहिली. मागं वनमालाबाई काहीतरी बोलत होत्या. हेल्मेटमुळे नीट ऐकू येत नव्हतं, पण त्या बोलत होत्या, एकसारख्या बोलत होत्या. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फाट्यावर एक शेतकरी रस्त्याच्या मधोमध येऊन हात आडवा करून उभा राहिला. गाडी थांबवावीच लागली. त्याच्या मुठीत कपाशीची वाळकी पानं होती.

"ओ पाव्हणं, वडवणीकडनं आलाव व्हय? सुंदरराव शेठचं दुकान उघडं हाय का बघितलंव का? ह्यावर काय मारावं ते इचारायचं व्हतं."

सुंदररावांची नजर पानांवर गेली. रोग त्यांनी ओळखला, औषधाचं नाव जिभेवर आलं, हात काच वर करायला निघाला. तेवढ्यात मागून खांद्यावरची पकड घट्ट झाली.

"आमाला काय ठाव बाबा," वनमालाबाई म्हणाल्या, "आमी हितले न्हाईत."

सुंदररावांनी गिअर टाकला.